दोन गालांची ट्रायल

आमच्या शेजारच्या भास्करनानांचा डावा गाल मागच्या शतकात राहतो आणि उजवा चालू शतकात. मधे नाक आहे, ते तटस्थ.

म्हणजे असं, की नाना रोज सकाळी अर्ध्या तोंडाची दाढी एका जुन्या, मुलामा उडून पितळ उघडं पडलेल्या मशीननं करतात आणि उरलेल्या अर्ध्याची एका कोऱ्या, चकचकीत मशीननं. दोन्ही मशीनं आकड्यांची. मानेजवळ एक चकती असते, ती फिरवली की ब्लेड किती बाहेर डोकावणार ते ठरतं. एकचा आकडा म्हणजे मवाळ, आणि पुढे आकडा चढेल तसा स्वभाव तापट. यातलं कुठलं मशीन ठेवायचं, जुनं की नवं, हा प्रश्न एखाद्या माणसाचं सबंध वर्ष खाऊ शकतो असं मला कधी वाटलं नव्हतं. नानांचं वर्ष त्यानं खाल्लंच, वर तोंडी लावायला माझ्या सकाळी घेतल्या.

मी हजिऱ्याच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. सकाळी आमच्या उधन्याच्या नाक्यावर कंपनीची बस येते. तिचा ड्रायव्हर असा, की सख्खा भाऊ धावत येताना दिसला तरी गिअर टाकेल. मी डबा सावरत गेट उघडतो, तर समोर नाना उभे. खांद्यावर पंचा, कानाच्या पाळीला साबणाचा विसरलेला फेस, आणि तोंड माझ्या दिशेनं पुढे काढलेलं.

"सुधीरभाऊ, हात लाव."

"नाना, बस चुकेल हो."

"बस गई तं दुसरी येई. लाव हात."

मी हात लावतो. आधी डाव्या गालाला, मग उजव्या. रस्त्यानं दूधवाला जात असतो, शेजारचे हरीशभाई स्कूटरला किक मारत असतात, आणि मी, दोन मुलांचा बाप, भररस्त्यात एका म्हाताऱ्याचे गाल कुरवाळत उभा असतो.

"कोनता भारी शे? विचार करीसन बोल."

"उजवा."

"घाई करी राहिना तू. परत लाव."

हरीशभाईंना पूर्वी एकदा त्यांनी असंच पकडलं होतं. तेव्हापासून हरीशभाई लांबूनच दोन्ही हात जोडून 'जय श्रीकृष्ण' म्हणतात. जोडलेले हात कोणाच्या गालाला लावता येत नाहीत. ही युक्ती मला सुचली नाही, कारण मला देव वेळेवर आठवत नाही.

नाना मूळचे शिरपूरकडचे. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. कापडाला कुठला रंग किती द्यायचा हे ठरवणारा माणूस. आता रिटायर आहेत, पण जगाला पास-नापास करायचं काम चालूच आहे. माझ्या बायकोनं, वैशालीनं, हौसेनं नवे पडदे आणले, तर नाना दारातूनच म्हणाले, "लॉट बिघडेल शे." म्हणजे रंगाची अख्खी खेपच बिघडलेली. पडदे अजून लावलेले आहेत, पण आमच्या घरात त्यांच्याकडे सरळ कोणी बघत नाही. शोभाकाकू, म्हणजे नानांची बायको, होत्या तेव्हा त्या मागून येऊन सांगायच्या, "मनावर घेऊ नका, त्यांनी माझ्या पुरणपोळीलाही फिकट म्हटलंय." काकू जाऊन दोन पावसाळे झाले. मुलगी सुनंदा नाशिकला असते. घरात नाना, दोन मशीनं आणि एक ट्यूबलाइट.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, "नाना, दाढी तुमची, गाल तुमचे, हातही तुम्हाला दिलेत देवानं. मग माझा कशाला?"

नानांनी माझ्याकडे नव्या हेल्परकडे बघतात तसं बघितलं. मग समजावलं. मिलमध्ये एक रीत असते. रंग बनवणाऱ्यानं स्वतःचा शेड स्वतः पास करायचा नाही. तासन्‌तास तोच रंग बघून त्याच्या डोळ्याला त्याची सवय झालेली असते, त्याला सगळंच बरोबर दिसतं. तुकडा कापायचा आणि पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, हातात द्यायचा. पार्टी पास म्हणाली तरच लॉट पुढे जातो.

"आपला हात आपला गालनी बाजू लेस," नाना म्हणाले. "पार्टी बाहेरनीच जोयजे."

अशा रीतीनं, बाहेरचा म्हणून, कुठलीही ऑर्डर न देता, मी पार्टी झालो.

आता या दोन मशीनांविषयी, कारण तुम्हीही कधी उधन्यात आलात तर तुम्हाला ऐकावं लागेलच. जुनं मशीन नानांनी चौकबाजारात पथारीवाल्याकडून उचललेलं. खालची मूठ फिरवली की डोक्यावरची दोन झडपं उघडतात आणि ब्लेड आत जातं. चकतीत वर्षानुवर्षांचा साबण बसला आहे, तो नाना जुन्या टूथब्रशनं काढतात आणि वर शिलाई मशीनचं तेल सोडतात. पाचवर ठेवलं तर ते कधी चारसारखं वागतं, कधी सातसारखं. नाना याला अनुभव म्हणतात. नवं मशीन वजनदार, त्याचे तुकडे सुटे होतात, पुन्हा जोडले की ब्लेड दोन्ही बाजूंनी अगदी सारखं बसतं, आणि जो आकडा सांगाल तेवढीच दाढी करतं. नाना याला अक्कल नसणं म्हणतात.

हे नवं मशीन सुनंदानं पाठवलं. व्हिडिओ कॉलवर तिला वडिलांच्या हनुवटीवर चिकटवलेला कागदाचा कपटा दिसला आणि त्यावर रक्ताचा डाग दिसला. नानांना डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या दिल्यात. एवढंसं कापलं तरी दुपारपर्यंत कपटे बदलत बसावं लागतं. जुन्या मशीनचं एक झडप सैल झालंय, ते ऐन वेळी उघडतं. सुनंदानं नवं पाठवलं आणि बजावलं, जुनं फेकून द्या. नानांनी फेकलं नाही आणि नवं नाकारलंही नाही. ते म्हणाले, "ट्रायल लेवानी पडी."

ट्रायल कशी, तर शास्त्रशुद्ध. ब्लेड दोन्हीत एकाच पाकिटातलं. साबण एकच. पाणी पालिकेच्या नळाचं, कारण बोअरच्या पाण्यात फेस बसतो. आठवडा बदलला की गालांची अदलाबदल, कारण डावा गाल 'मूळमाच नरम' आहे, त्याला जास्त गुण मिळायला नकोत. एवढा न्याय मी आमच्या कंपनीच्या बढत्यांमध्येही पाहिलेला नाही.

मी आपला भाबडेपणानं समजत होतो, की ट्रायलला शेवट असतो. एकदा मी ठामपणे निकाल दिला, "नवं चांगलं." नाना म्हणाले, "तुले काय समजस! जुनानी बात तुना हातमा उतरनीच नही." ठीक. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, "जुनं चांगलं." तर नवं मशीन किती गुणी, याचं कीर्तन सुरू झालं. एकदा मी वैतागून दोन्हीही नापास केली, तेव्हा नाना इतके खूश झाले, की त्यांनी मला चहा पाजला. बस गेली. मी रिक्षानं हजिऱ्याला गेलो आणि साहेबांना कारण सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही, ही त्यांची कृपा.

वैशालीला हे सगळं फार आवडायचं. "रोज सकाळी दोन-दोनदा हात फिरवता त्यांच्या गालावरून," ती चहा गाळता गाळता म्हणायची. "आमच्या गालांची कधी ट्रायल निघाली नाही बाई."

मे महिन्यात सुनंदा चार दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी तिनं वडिलांना जुनं मशीन हातात घेतलेलं पाहिलं, हनुवटीवरचा ताजा कपटा पाहिला, आणि तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मला बोलावणं आलं. मी गेलो. मला वाटलं, आपल्या सुटकेचा दिवस आला.

"भाऊ, तुम्ही सांगा ह्यांना," सुनंदा म्हणाली. "पार्टी तुम्हीच आहात ना? मग बोला. कोणतं पास?"

नाना खुर्चीवर बसले होते. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी पुढे झालो, दोन्ही गालांवरून रीतसर हात फिरवला, आणि जजसाहेबांच्या आवाजात म्हणालो, "नवं पास. जुनं नापास. निकाल कायम. आता ट्रायल बंद."

मला वाटलं होतं, नाना भांडतील. किमान माझ्या हाताची लायकी काढतील. ते नुसते म्हणाले, "पार्टी बोलनी म्हंजे संपनं." जुनं मशीन त्यांनी पुसलं आणि सुनंदाच्या हातात दिलं. तिनं ते पिशवीत टाकलं. इतकं सोपं होतं तर मी वर्षभर काय करत होतो, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून गेट मोकळं. मी आरामात नाक्यावर जाऊन उभा राहू लागलो, तर बस यायला वेळ असायचा. मग मी तिथं उभा राहून पोस्टर वाचायचो. डोळ्यांची मोफत तपासणी, पार्टटाइम कमाई, हरवलेला पोपट. माझी सकाळ सुधारली होती, निदान मी तसं सगळ्यांना सांगत होतो.

सुनंदा निघाली त्या दिवशी नाना औषधं आणायला गेले होते. ती घराची जादा किल्ली द्यायला आमच्याकडे आली. दारातच म्हणाली, "भाऊ, जरा लक्ष ठेवा. आज तीन दिवस झाले, नानांनी दाढीच केली नाही. नवं मशीन कोरडं पडलंय. आता काय ट्रायल करायची राहिली, म्हणतात."

"कंटाळले असतील," मी म्हटलं.

"नाना आणि दाढीला कंटाळणार?" ती हसली. "आई होती तेव्हा मिलला निघायच्या आधी रोज तिच्यापुढे उभे राहायचे. ती पिठाचे हात पुसून दोन्ही गालांवरून हात फिरवायची आणि 'पास' म्हणायची. मगच चपला घालायचे. मी इतकी हसायचे ना!"

ती किल्ली ठेवून गेली. वैशाली माझ्याकडे बघत होती, मी पडद्यांकडे. मला एकदम फार वाईट वाटलं. काकू गेल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्याला कोणाचा हात लागत नव्हता, आणि हात लावायला सांगायचं तर म्हातारा माणूस काय कारण सांगणार? त्यानं दोन मशीनं पुढे केली. मी त्यातलं एक पास करून टाकलं.

रात्रभर मी तोडगा शोधत होतो असं काही नाही, मी झोपलो. पण सकाळी डबा घेतला आणि नाक्याकडे न जाता नानांच्या दारात गेलो. ते बनियनवर पेपर वाचत बसले होते. गालांवर पांढरे खुंट आले होते, माणूस आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

"नाना, एक घोळ झालाय," मी म्हटलं.

"काय व्हयनं?"

"मी मशीन पास केलं. आकडा कुठं पास केलाय?"

नानांनी पेपर खाली केला.

"त्या नव्या मशीनला एवढे आकडे दिलेत," मी म्हटलं, "आणि तुम्ही कुठल्या आकड्यावर करायची ते ठरलेलंच नाही. लॉट असा कसा पुढे जाईल? डावा गाल एकवर करा, उजवा दोनवर. त्याच्या वर जायचं नाही, सुनंदानं बजावलंय. आणि ब्लेड नवं घ्या."

नानांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं. कापडातला एका थेंबाचा फरक ओळखणारा माणूस तो, त्याच्यापुढे माझं नाटक किती टिकणार? पण ते घसा खाकरून उठले.

"एक नि दोन मा फरक बारीक रास," ते म्हणाले. "टाइम लागी."

"लागू दे."

आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग वाटीत ब्रश फिरल्याचा. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला, मी दारातच उभा राहिलो. नाना बाहेर आले, खांद्यावर पंचा, तोंड थोडं पुढे काढलेलं. मी डबा खाली ठेवला आणि डाव्या गालाला हात लावला. गाल गरम पाण्यानं ऊबदार झाला होता. नानांनी डोळे मिटले. मी हात उजव्या गालावर नेला आणि या वेळी घाई केली नाही.

दोन्ही गाल अगदी सारखे गुळगुळीत होते.

"कोनता?" नानांनी डोळे न उघडता विचारलं.

"आज काही सांगता येत नाही, नाना," मी म्हटलं. "उद्या परत बघावं लागेल."