शुद्ध पेट्रोलाची आणि मानाच्या पाच मोळ्यांची हकीकत

श्री. चुलीतल्या विस्तवास दंडवत, विस्तवाखालच्या राखेस दंडवत, आणि ज्या लाकडाची राख जाहली त्या लाकडास तर तीन वेळा दंडवत. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी, भृगुवासर, ये दिवशी देवीच्या पटांगणात जे अघटित घडले ते डोळियांनी पाहिले, कानांनी ऐकिले, आणि अंगावरचा काटा अजून बसला नाही तोच लिहावयास घेतले. यात पदरचे मीठ घातले नाही, मिरची थोडी पडली असेल तर ती राज्याच्या हवेचा गुण समजावा.

हकीकत ऐसीजे. वरच्या आळीचे राज्य थोर. राज्याचे धनी श्रीमंत नागोजीराव महाराज, वय वर्षे पंचावन्न, मिशा दोन आणि बाणा एक. राज्यात म्हशी चार, ट्रॅक्टर एक, आणि मान तोही एकच, परंतु ऐसा की त्यापुढे म्हशी आणि ट्रॅक्टर ओवाळून टाकावे: देवीच्या भंडाऱ्याची चूल याच घरच्या लाकडाने पेटावी. मानाचा कायदा ऐसा की जत्रेच्या दिवशी, देवीसमक्ष, घरच्या लोखंडाने आणि घरच्या हाताने सुकल्या बाभळीच्या पाच मोळ्या फोडून द्याव्या, आणि ते काम दीपमाळेची सावली पायथ्यात शिरण्याच्या आत व्हावे. न जाहल्यास मान खालच्या आळीस जावा आणि पुन्हा परत येऊ नये. खालच्या आळीचे धनी हैबतराव या मानावर चाळीस वर्षे मांजरासारखे टपून बसलेले. चाळीस वर्षे महाराजांचे चुलते आबासाहेब घाव घालीत आले, परंतु यंदा त्यांच्या गुडघ्यांनी फितुरी केली आणि आबासाहेब खुर्चीत बसले ते बसलेच, आणि मग राज्यात हलकल्लोळ उडाला की आता घाव घालणार कोण? महाराजांनी जन्मात कुऱ्हाड धरली ती एकदाच, आणि तीही फोटोपुरती!

मग मसलत भरली. महाराज वदले, "हल्ली कुऱ्हाड हाणतं कोण? पेट्रोलची करवत आणू, घटकेत काम फत्ते!" तेव्हा महाराणी हौसाबाई चुलीपाशी भाकरी थापीत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, करवत लाकूड आडवं कापते. ओंडका उभा फोडायला कुऱ्हाडच लागते, आणि ती पण पाचरीसारखी जाड गालांची." महाराज म्हणाले, "तुम्ही भाकरीचं बघा." मग राणीसाहेबांनी भाकरीचे बघितले, आणि भाकरीखालचे लाकूड पुढे सारले, आणि ते लाकूड कोणी फोडले हा प्रश्न त्या मसलतीत एकाही वीराच्या मस्तकात शिरला नाही. ही नोंद ध्यानी ठेवावी, पुढे कामास येईल.

मग महाराजांची स्वारी तालुक्याच्या बाजारी चालिली आणि इकबालभाईंच्या दुकानी दाखल जाहली. भिंतीवर करवती टांगलेल्या, लहान, मध्यम आणि एक तर ऐसी लांब की मगरीचा जबडाच. इकबालभाईंनी धाकटी खाली काढिली आणि म्हणाले, "मालक, सरपणाला ही चौदा इंची पुष्कळ. हलकी आहे, हाताचं ऐकते." महाराज म्हणाले, "हैबतरावानं कितीची नेली?" "सोळा." "मग आम्हांस बावीस!" "मालक, ती मोठाली झाडं पाडायला. वजन फार, आणि टोक कुठं टेकलं तर उसळून अंगावर येते." "बावीस!" मग इकबालभाईंनी कपाळ पुसले आणि म्हणाले, पायात जाड बूट घाला, डोळ्यांवर चष्मा लावा, लोंबतं कापड अंगावर ठेवू नका. महाराज म्हणाले, आमची चप्पल कोल्हापुरी आहे आणि आमचा फेटा बारा हात आहे. मग इकबालभाईंनी एक छोटी बाटली पुढे ठेविली आणि म्हणाले, "हे तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं. लिटरला चाळीस मिली. विसरलात तर इंजिन जाम."

हे शब्द कानी पडताच महाराजांचा चेहरा तांबडालाल जाहला! कारण ऐसे की मागे एका गवळ्याचे दुधातले पाणी महाराजांनी स्वतः पकडिले, आणि त्या दिवसापासून गावाने त्यांस 'भेसळीचा काळ' ही पदवी दिधली, आणि पदवी त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे रंगवून घेतली. महाराज गर्जले, "भेसळ? आणि मला सांगतोस? माझ्या यंत्रात शुद्धच जाईल!" इकबालभाई हात जोडून म्हणाले, "मालक, ही भेसळ नाही, हा त्याचा खुराक आहे." परंतु ऐकतो कोण! बाटली घरी आली आणि महाराजांनी ती गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्यांत ओतिली, आणि दार तेव्हापासून कुरकुरत नाही, येवढाच काय तो या मोहिमेचा पहिला फायदा.

मग जत्रेचा दिवस उगवला. पटांगणात अवघे गाव लोटले, काहिली मांडल्या, भाजीचे तांबडे भोपळे रचले, आणि मधोमध बाभळीचे सुकले खोड आडवे निजले, ऐसे टणक की कावळ्यानेही चोच मारून पश्चात्ताप केला असता. हैबतराव आपल्या ट्रॉलीवर पान चघळीत बसले, शेजारी त्यांचे लाकूड आणि त्यांची सोळा इंची करवत तयार. गुरव लखूबाबा दीपमाळेपाशी सावलीवर नजर लावून उभे. आणि मग महाराजांनी यंत्रास हळदकुंकू वाहिले, दोरी खेचली, आणि काय सांगावे! ऐसा आवाज निघाला की आबासाहेबांची खुर्ची दोन वीत मागे सरकली, आणि यंत्र बाभळीत लोण्यात सुरी शिरावी तैसे शिरले, आणि एक ओंडका पडला, आणि दुसरा पडला, आणि लोक "वा वा!" म्हणू लागले, आणि महाराज ऐटीत लोकांकडे वळले, आणि त्या ऐटीत फेट्याचा शेमला वाऱ्याने उडून साखळीकडे गेला! राणीसाहेब ओरडल्या, "अहो, शेमला!" आणि तोवर शेमला गेला सुद्धा! हातभर कापडाचा भुगा हवेत उडाला! मान वीतभराने वाचली! बायांनी डोळ्यांवर पदर घेतले, ढोलवाल्याच्या टिपऱ्या गळाल्या, आणि महाराजांचे मुख पिठासारखे पांढरे जाहले, परंतु थांबतील ते महाराज कसले, "काही नाही, काही नाही," म्हणत तिसरा ओंडका पाडिला, चौथा पाडिला, आणि पाचव्यात यंत्र अर्धे शिरले तोच आतून करपट वास निघाला आणि खर्रर्र, खट्! शांतता. ऐसी शांतता की हैबतरावांचे पान चघळणे ऐकू आले. महाराजांनी दोरी ओढिली, दहा वेळा ओढिली, वीस वेळा ओढिली, आणि यंत्र बाभळीत रुतून बसले ते हलेना. गर्दीतून पंपाचा मिस्त्री पुढे आला आणि पुसता जाहला, "अण्णा, तेल मिसळलं होतं का?" "शुद्ध घातलंय! एक थेंब भेसळ नाही!" "झालं मग," मिस्त्री म्हणाला, "शुद्धच बंद पडलं."

आता दीपमाळेची सावली पायथ्यापासून वीतभर राहिली. ओंडके चार पडले, पाच मोळ्यांस पुरतील ऐसे थोर, परंतु ओंडका म्हणजे मोळी नव्हे, फोडले नाही तर मान गेला! मग महाराजांनी पूजेची नवी कुऱ्हाड मागविली, आरशासारखी चकचकीत आणि पात्याने पातळ, आणि डोक्यावरून घुमवून ओंडक्याच्या बरोबर मधोमध घाव घातला. पाते आत गेले आणि फणसात सुरी रुतावी तैसे रुतले, आणि महाराज कुऱ्हाड उचलू गेले तो ओंडकाच तिच्यासवे वर आला! हैबतराव म्हणाले, "ओंडका घरी नेता का काय?" मग आबासाहेबांची जुनी कुऱ्हाड आणिली, ती सहा महिने कोरड्या भिंतीवर टांगलेली, दांडा सुकून सैल झालेला, रात्रभर पाण्यात ठेवायची हे कोणास सुचले नाही, आबासाहेब खुर्चीतून ओरडले, "नागोजी, फळ हलतंय!" तोवर घाव सुटला, आणि दांडा महाराजांच्या हाती राहिला आणि लोखंड सूं करीत गगनी गेले! अवघ्या जत्रेने माना खाली घातल्या! आणि लोखंड भोपळ्यांच्या राशीत उतरले आणि एका भोपळ्याची ऐसी नेमकी दोन शकले जाहली की आचारी म्हणाला, "एक चिरायचा वाचला." महाराज दांडा घेऊन मटकन खाली बसले. डोळे भरून आले. म्हणाले, "आबा, चार पिढ्यांचा मान माझ्या हातून गेला." आणि हैबतराव ट्रॉलीवरून उतरू लागले.

मग गर्दी दुभंगली आणि हौसाबाई राणीसाहेब आल्या. हाती चुलीमागची कुऱ्हाड, आखूड, गालांनी जाड, धारेस दोन खाचा, धामणीच्या लाकडाचा दांडा तेलाने आणि तळहाताने काळा झालेला. पदर खोचला. ओंडका सपाट जमिनीवर उभा केला, फिरवून फिरवून पाहिला, गाठ कोठे आणि चीर कोठे, आणि मग मधोमध नव्हे तर कडेला, चिरेवर, गाठ चुकवून घाव घातला. फाट! ढलपी उडाली. पुन्हा फाट! ओंडका फणसाच्या गऱ्यासारखा सुटत गेला, आणि लोकांचे जबडे त्याहून अधिक उघडले! लखूबाबांच्या हातचा शंख निसटता निसटता राहिला. हैबतराव ओरडले, "लखूबाबा, हे रिवाजात बसत नाही! मानाचं लाकूड बाईच्या हातचं?" राणीसाहेब घाव न थांबविता म्हणाल्या, "कायदा काय, घरचा हात. मी काय पाहुणी आहे?" "वहिनी, घरचा हात म्हणजे पुरुषाचा!" "बरं. भावजी, तुमच्या घरी रोजचं सरपण कोण फोडतं?" हैबतरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारले आणि म्हणाले, "आमच्याकडं ते... ते आपोआप असतं." तेव्हा बायांच्या घोळक्यातून त्यांच्याच राणीसाहेब शेवंताबाई पुढे आल्या आणि दोन्ही तळहात धन्यासमोर उघडून म्हणाल्या, "आपोआप? अवो, तेवीस वर्षं ते आपोआप म्हंजे मीच!"

काय वर्णावे! हैबतराव ट्रॉलीस टेकले. आणि मग पटांगणात एकेक पुरुष आपापल्या बायकोच्या हाताकडे पाहू लागला, आणि एकेकाच्या मुखावर ऐसा धक्का उमटला जणू घरात इतकी वर्षे हत्ती बांधला होता आणि आज दिसला! लखूबाबांनी खुद्द आपल्या मंडळींकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "घरचा हात आहे. लोखंडही घरचं आहे. सावली अजून चार बोटं आहे. फोडा, हौसाबाई." आणि महाराज? महाराज उठले, आणि फुटलेली लाकडे गोळा करू लागले, आणि शेवंताबाईंनी मोळ्यांस दोर आवळला, आणि चौथी मोळी बांधली तेव्हा सावली एक बोट, आणि शेवटच्या ओंडक्यात नेमकी थोरली गाठ! राणीसाहेबांनी तो उलटा केला, श्वास घेतला, आणि घाव घातला, आणि गाठ बंदुकीसारखी वाजून फुटली! पाचवी मोळी बांधली, सावली पायथ्यात शिरली, आणि शंख वाजला.

मग मानाचा नारळ घेऊन लखूबाबा आले. महाराजांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. लखूबाबा म्हणाले, "ज्याचा घाव त्याचा नारळ," आणि पुढे गेले, आणि महाराजांचे हात तैसेच हवेत राहिले. राणीसाहेबांनी नारळ घेतला, कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने एका ठोक्यात फोडला, खोबरे आबासाहेबांस दिले, शेवंताबाईंस दिले, आणि मग त्या हवेतल्या हातांवर कुऱ्हाड ठेविली. म्हणाल्या, "मान घरात राहिला. उद्या न्याहारीच्या चुलीला लाकूड तुमच्या हातचं." महाराजांनी कुऱ्हाडीकडे पाहिले, भोपळ्याकडे पाहिले, उरलेल्या शेमल्याकडे पाहिले, आणि हळूच म्हणाले, "कडेनं घालायचा ना घाव? चिरेवर?" यंत्राच्या आवाजाने हादरले नव्हते तेवढे गाव या एका वाक्याने हादरले.

येणेप्रमाणे मान राहिला. करवत इकबालभाईंनी उघडून दाखविली, आत ओरखडेच ओरखडे, तेव्हा महाराजांनी मान खाली घालून चौदा इंची घेतली, आणि हल्ली खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून तिला तेलाचा खुराक देतात. ट्रॅक्टरवरची पदवी मात्र अजून पुसली नाही. वद्य षष्ठीस महाराजांनी अंगणात घाव घातले एकतीस आणि लाकडे निघाली चार. त्या दिवशी भाकरीस दोन तास उशीर जाहला, आणि "भाकरी कुठं आहे?" म्हणोन घरात कोणीही ओरडले नाही, कारण ओरडणारा अंगणात होता.