आत्याने सांभाळलेली नोकरी

आयुष्याचा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही, असे मी फार शांतपणे ठरवले होते. एका हाताने घरबसल्या नोकरी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने भवितव्याचे दार ठोठावायचे. योजनेत कुठेही फट नव्हती.

नोकरी म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रांच्या तक्रारींना संगणकावरून उत्तरे देणे. उत्तरे तयारच असत. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' यावर बोट ठेवले, की माझे कर्तव्य संपे. उरलेला दिवस मी भिंतीवरून उतरणारे ऊन पाहत असे. दोन वर्षांत मला नवे काहीही आले नव्हते, आणि हळूहळू त्याचीच भीती वाटू लागली होती. म्हणून एका प्रकाशनसंस्थेत उमेदवारीसाठी अर्ज केला. तिथे पगार कमी, मालकीणबाई कडक. पण काम शिकायला मिळणार होते.

अडचण एकच. जागेवरून उठलो, की माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका विझे आणि साहेबांना कळे.

"आत्या, मी मुलाखतीहून येईपर्यंत हा माऊस हलवत राहा. बाकी कशाला हात लावू नकोस."

"उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली मी," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "मला ठिपके शिकवतोस?"

मुलाखतीत मालकीणबाईंनी विचारले, "गेल्या दोन वर्षांत काय शिकलात?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. मौनालाही अर्थ असतो, अशी माझी समजूत होती. त्यांच्या चेहऱ्यावर ती दिसली नाही.

घरी आलो, तर आत्या दोन बोटांनी टाइप करत होती.

"हे काय चाललंय?"

"माणसं विचारतायत, उत्तर नको द्यायला? एकीचं यंत्र थरथरत दारापर्यंत जातं. तिला काय, गैरसोय समजते म्हणून सांगू? आपल्या यंत्राचं तेच झालं होतं. म्हटलं, बाई, खालचा पाय फिरवून सारखा कर. झालं काम."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "आजची उत्तरं कोणी दिली?"

मी घसा साफ करेपर्यंत आत्याने फोन काढून घेतला. "मी. त्याची आत्या. तो दुसरीकडे मुलाखतीला गेला होता."

 पलीकडून साहेबांचा कधी न ऐकलेला मृदू स्वर आला, "उद्यापासून तुम्हीच बसाल का?"

"बसलेच आहे की," आत्या म्हणाली.

संध्याकाळी मालकीणबाईंनी कळवले, 'इतका वेळ खोटे न बोललेला उमेदवार प्रथमच पाहिला. सोमवारी या.'

सुखाची नोकरी सोडून खडतर वाट निवडण्याचे धैर्य कुठून आणलेस, असे मित्र आता विचारतात. मी गंभीरपणे दूर कुठेतरी पाहतो. सोडली कुठे? आत्या उठायलाच तयार नाही.