सातव्या गल्लीतली एकमेव नोंद

माझ्या प्रयोगात चूक शिरायला जागाच नव्हती! हे मी आजही म्हणते. फक्त जरा हळू आवाजात.

आकडेवारी हा माझा विषय. पोलिसांना शिकवायला मला बोलावलं, तेव्हा नवरा म्हणाला, "तू? अगं, तुला दूधवाल्याला दोन शब्द सुनावता येत नाहीत!"

"सुनावायचं नाहीये, शिकवायचंय," मी म्हटलं.

वर्गात अठरा पोलीस. शिकवायचं होतं ते एवढंच : एखादी गोष्ट वर्षानुवर्षं करत आलो म्हणून करायची नाही, तिचा खरंच उपयोग होतो का ते आधी तपासायचं. मोठे साहेब पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "मॅडम, सहा आठवडे देतो. माणसं काही शिकली असं मला दिसलं, तर वर्ग दरवर्षी. नाही दिसलं, तर हा हॉल मला सामान ठेवायला हवाच आहे."

आम्ही तपासायला घेतली गस्त. तिने चोऱ्या कमी होतात का? बारा गल्ल्या, बारा चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्या उचलायला एक हेल्मेट. सहा गल्ल्यांत रोज गस्त, उरलेल्या सहांत अजिबात नाही. सहा आठवड्यांनी तुलना. शाळेतल्या मुलालाही कळेल इतकं सोपं!

शेवटच्या बाकावर एक हवालदार बसायचे. नोकरी एकोणतीस वर्षं. वहीतल्या प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारायचे, म्हणून सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, जिथे गस्त नाही तिथून कुणी बोलावलं तर?"

"तर धावत जायचं! फक्त आपणहून फिरायचं नाही."

"आणि तिथल्या लोकांचं काय?"

"लोकांचं काय?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी रेघ मारली. त्या 'काही नाही'ला मी तिथेच धरायला हवं होतं.

चौथ्या आठवड्यात मी बिनगस्तीच्या सातव्या गल्लीत गेले. सैल कड्या किती, बुटक्या खिडक्या किती, असं मोजायचं होतं. एका टोकाकडून सुरुवात केली, कुणाच्या अंगणात डोकावले, कुणाचं फाटक हलवून पाहिलं, वहीत टिपलं. दुसऱ्या टोकाला पोचले तर खांबावर पाटी! 'या गल्लीत सहा आठवडे गस्त नाही. प्रयोग चालू आहे. आपापली काळजी घ्यावी. अडचण आल्यास फोन करावा.' प्रत्येक ओळीखाली रेघ.

लोकांना कळलं तर ते नेहमीसारखे वागतील कसे? आणि पाटी काय फक्त सज्जनच वाचतात? मी ती ओरबाडायला लागले.

"ए बाई! हात खाली!"

मागे एक निवृत्त मुख्याध्यापिका, छत्री तलवारीसारखी धरलेली. त्यांच्यामागे चार बायका आणि गळ्यात टेप लटकवलेला शिंपी.

"ही मघापासून खिडक्या मोजतेय," शिंपी म्हणाला.

"वहीत काय आहे? वाचा. मोठ्याने."

वाचलं. "घर चार, कडी सैल. घर पाच, मागचं दार उघडं..."

"अगं बाई, आमचंच की!" एक बाई किंचाळली.

"मी संशोधक आहे हो!"

"तर! आणि मी महाराणी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चला चौकीत."

वाटेत कळलं, पाटी लागल्या दिवसापासून गल्ली पाळ्या लावून पहारा देत होती. पाळ्यांचा तक्ता मी पाहिला. माझ्या तक्त्यापेक्षा नेटका होता.

चौकीत टेबलामागे आमचे हवालदारच! सुटले, असं वाटलं. ते उठले, सलाम ठोकला आणि नोंदवही उघडली.

"अहो, मी आहे मी!"

"दिसतंय, मॅडम. पण तक्रार आली की नोंद होणार."

त्यांनी मुख्याध्यापिकांना मी कोण ते समजावलं. त्या छत्री मिटून म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का?" आणि निघून गेल्या. मग मी फणकाऱ्याने विचारलं, "पाटी का लावलीत?"

"तुम्हीच तासभर सांगितलंत, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला कल्पना द्यायची."

"ते औषधांच्या प्रयोगाबद्दल होतं!"

"गल्लीतही माणसंच राहतात ना, मॅडम."

वीस वर्षं मी हे काम करतेय. मी वर्गात बारा गल्ल्या म्हटलं होतं. या माणसाने त्यांत राहणारी माणसं ऐकली होती.

सहा आठवडे संपले. गस्तीच्या गल्ल्यांत चौदा तक्रारी, कारण रोज दारात पोलीस दिसला की लोकांना तीन वर्षांपूर्वी हरवलेली सायकलसुद्धा आठवते! बिनगस्तीच्या सहा गल्ल्यांत मिळून एक. ती एक म्हणजे मी.

साहेबांसमोर मी पाटीचं सांगितलं, पहाऱ्याचं सांगितलं. तक्त्यात मात्र सातव्या गल्लीपुढे शून्य लिहिलं. तो काही खरा गुन्हा नव्हता, असं शास्त्रीय कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं. गरज पडली की अशी कारणं सापडतात.

"म्हणजे पोलीस गस्तीला गेला की गुन्हे वाढतात?" साहेबांनी विचारलं.

"तक्रारी वाढतात, साहेब. गस्तीबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही."

"मग सहा आठवडे ही माणसं शिकली काय?"

हॉल गेलाच होता. तेवढ्यात मागून हवालदार उठले.

"साहेब, आकडा चुकलाय. सातव्या गल्लीत शून्य नाही, एक आहे. नको असलेली नोंद गाळायची नाही, असं मॅडमनीच शिकवलंय."

सतरा माना हलल्या. घरभेदी! मी मनात म्हटलं. साहेब मात्र हवालदारांकडे बघतच राहिले. समोर साहेब बसलेले असताना आकडा चुकलाय असं म्हणणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता.

"वर्ग पुढच्या वर्षीही ठेवा," ते म्हणाले. "आणि मॅडम, तो आकडा सुधारा."

सुधारला. शून्याचा एक केला. पडताळायला हवालदारांनी मूळ नोंद पुढे सरकवली : 'संशयित महिला, वय अंदाजे बावन्न.'

"अहो, मी शेहेचाळीसची आहे!"

"बदलतो की, मॅडम," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "पुरावा दाखवा."

जन्माचा दाखला मी अजून शोधतेय. छापील अहवालात बावन्नच आहे.