दिगंबर मुंगसाने दुकान वाढवलं

एका जंगलात, मुलांनो, झाडं इतकी होती की ती कोणी पाहतच नसे. म्हणून तिथे एक कॅफे निघाला आणि त्यात झाडं ठेवली गेली. मधे चूल, भोवती बसायला दगड आणि कडेने कुंड्या. जंगलाकडे पाठ करून कुंडीतली झाडं बघत चहा प्यायला जनावरं लांबून लांबून येत.

हा कॅफे अंबूआत्याचा. अंबूआत्या जातीची मुंगूस. ओढ्याकाठच्या कपारीत तिच्या सासूने चूल मांडली, तेव्हापासून तिथे आल्याचा चहा आणि कांदाभजी मिळायची. दुकानाला नाव नव्हतं. ‘अंबूकडे जाऊन येतो’ म्हटलं की घरच्यांना कळायचं.

मग तिचा भाचा दिगंबर आला. तो शहरातल्या प्राणिसंग्रहालयात लहानाचा मोठा झाला होता. एके दिवशी पिंजऱ्याचं दार गंजून पडलं म्हणून तो बाहेर आला, पण जंगलात सगळे ‘शिकून आला’ म्हणू लागले. त्यानेही कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

आता संग्रहालयात झाड म्हणजे कसं, तर ते कुंडीत असतं आणि त्याला नावाची पाटी असते. दिगंबरला तेच खरं झाड वाटे. त्याने कपारीवर ‘अंबूज’ अशी पाटी लावली. भज्यांना तो ‘क्रिस्पी ऑनियन’ म्हणू लागला. कुंड्या आणल्या, त्यांत एक स्नेक प्लांटही आणला, म्हणजे नावापुरतं सापाचं झाड. त्या झाडाचं नाव कानावर पडताच अंबूआत्याने झाडाचाच कडकडून चावा घेतला. ती तरी काय करणार, जन्माची सवय.

झाडं आत्याने दिगंबरवर सोपवली, फुंकणी मात्र दिली नाही. फुंकणी म्हणजे चूल फुंकायची बांबूची नळी. त्या दुकानात फुंकणी ज्याच्या हाती, दुकान त्याचं. दिगंबर पानं पुसायचा, कपबशा विसळायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फुंकणीकडे बघायचा. आत्या आपल्याला शिकलेला म्हणते पण शहाणा म्हणत नाही, हे त्याला फार लागलं होतं.

एक दिवस सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता. दिगंबर तोंडात पाणी घेऊन एकेका पानावर हलकेच फवारत होता.

“दिगू, ती झाडं जरा बाहेर ठेव की,” आत्या म्हणाली. “पाऊस फुकट चाललाय.”

“आत्या, ती इनडोअर आहेत.”

“म्हणजे काय?”

“बाहेर ठेवली की मरतात.”

आत्याने बाहेर पाहिलं. बाहेर सगळी झाडंच होती. तिने कांदा चिरायला घेतला.

तेवढ्यात वरच्या टेकडीवरून निरोप आला. आत्याच्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. आत्या पदर खोचून उठली. क्षणभर थांबली. मग तिने फुंकणी उचलली आणि दिगंबरच्या हातात दिली.

“हे बघ, ओढा चढतोय,” ती म्हणाली. “मागच्या भिंतीकडे लक्ष असू दे. पावसाने जोर केला तर सरळ दुकान वाढव. माझी वाट बघू नकोस.”

एवढं बोलून ती पावसात दिसेनाशी झाली.

मुलांनो, तुम्ही घरात वावरलेली मुलं आहात. तुम्हाला ठाऊक आहे की आपल्यात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि चालतं दुकान ‘बंद कर’ असं कोणी तोंडाने म्हणत नाही. ‘दुकान वाढव’ म्हणतात. पण दिगंबर पिंजऱ्यात वाढलेला. तिथे बंद करायची वेळ झाली की घंटा होई. कोणी काही वाढवत नसे.

त्याने फुंकणी छातीशी धरली. त्याचे डोळे भरून आले. आत्याने नुसतं दुकान सांभाळायला नव्हतं सांगितलं, दुकान वाढवायला सांगितलं होतं. कुठे वाढवायचं तेही सुचवलं होतं: मागच्या भिंतीकडे.

दुपारी पावसाने जोर केला. भिजलेली जनावरं आत येऊ लागली आणि दगड कमी पडायला लागले. दिगंबर एका कुंडीवर चढून उभा राहिला.

“मंडळी, सरकून घ्या,” तो म्हणाला. “आत्या सांगून गेलीय, पावसाने जोर केला की दुकान वाढव.”

हे ऐकून अस्वलतात्या उठले. ते सासूच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. “बरं बाबा, निघतो मग,” ते म्हणाले.

“निघता कशाला? बसा तात्या. वाढल्यावर भरपूर जागा होईल.”

अस्वलतात्यांच्या ध्यानात आलं की पोराचा काहीतरी घोळ झालाय. ते सांगायला तोंड उघडणार, इतक्यात दिगंबरने गरम भज्यांची बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. उघडलेल्या तोंडात भजं गेलं. भजं संपल्यावर सांगू, असं तात्यांनी ठरवलं, आणि भजी काही संपेनात.

कोपऱ्यात कोल्हेसाहेब बसले होते. ते सिंहमहाराजांचे सचिव. त्यांनाही सगळं कळलं होतं, पण त्यांचा हुद्दा असा होता की विचारल्याशिवाय ते कोणाला काही सांगत नसत.

दिगंबर मागच्या भिंतीपाशी गेला आणि उकरू लागला. उकरण्यात मुंगसाचा हात कोण धरणार? भराभर माती निघाली. जागा होऊ लागली तशी जनावरं मागे सरकून बसू लागली. “पोरगं कामाचं आहे हो,” भेकरीण म्हणाली, आणि दिगंबर दुप्पट जोराने उकरायला लागला. भिंतीला ओल आली होती. इथे एखादी वेल छान लागेल, असं त्याच्या मनात आलं.

“नव्या दालनाचा मुहूर्त नाही का करायचा?” कोल्हेसाहेब म्हणाले. “नारळ तरी वाढवा.”

नारळ होता. कोल्हेसाहेबांनी तो दगडावर आपटला. त्याची दोन भकलं झाली आणि पाणी वाहून गेलं.

दिगंबर त्या भकलांकडे बघत राहिला. “साहेब, तुम्ही वाढवा म्हणालात,” तो हळूच म्हणाला. “हा तर फुटला.”

“तेच ते,” कोल्हेसाहेब म्हणाले.

आता विचारावं, असं त्याला फार वाटलं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तो शिकून आलेला होता. हातात फुंकणीही होती. अशा वेळी अर्थ विचारायचा म्हणजे अब्रूच जायची. त्याने नाही विचारलं. तो वळला आणि त्याने भिंतीत शेवटचा हात घातला.

पलीकडे ओढा उभाच होता. तो आत आला.

कोणी मेलं नाही, मुलांनो, घाबरू नका. ज्याला जिकडे वाट फुटली तिकडे तो पळाला. अस्वलतात्यांनी तर बशीसुद्धा वाचवली. पण दगड गेले, पाटी गेली, कुंड्या तरंगत गेल्या. आत्याच्या सासूने मांडलेली, कधी न विझलेली चूल एकदाच चर्र करून विझली आणि तिचा चिखल झाला.

संध्याकाळी आत्या आली. बहिणीला तीन पिल्लं झाली होती, तेच सांगत ती येत होती. मग तिला कपार दिसली. समोरून मोकळी, मागून मोकळी, मधून ओढा. काठावर दिगंबर फुंकणी घेऊन बसला होता.

“आत्या, मी दुकान वाढवलं,” तो म्हणाला.

आत्याने चूल होती त्या जागेकडे पाहिलं. “हो रे,” ती म्हणाली. “वाढवलंस खरं.”

ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फुंकणी घेतली, फुंकली. आतून चिखल निघाला. “मीच ‘बंद कर’ म्हणायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण भरल्या दुकानात जीभ वळली नाही.”

तेव्हा दिगंबरला अर्थ कळला. तो तोंड लपवून रडला.

इथे गोष्ट संपली असती तर तुम्हाला चांगला बोध मिळाला असता. पण कोल्हेसाहेबांनी रात्रीच महाराजांना अहवाल दिला. एका तरुणाने एका दुपारात दुकान चारही बाजूंनी खुलं केलं, वाहत्या पाण्याची सोय केली आणि सर्व झाडं बाहेर हलवली. महाराज खूष झाले. त्यांनी दिगंबरला जंगल-वाढ खात्याचा मंत्री केलं आणि हुकूम दिला, ‘जंगल वाढवा.’

आता दिगंबरला दोन्ही अर्थ ठाऊक होते. तो हुकूम घेऊन कोल्हेसाहेबांकडे गेला. “साहेब, महाराजांच्या मनात यातला कुठला अर्थ आहे?”

“तेच ते,” कोल्हेसाहेब म्हणाले आणि सरकारी गाडीचं दार उघडून उभे राहिले. दिगंबर गाडीत बसला. त्याने जंगल वाढवलं.

महाराजांच्या गुहेत मात्र आता पुष्कळ झाडं आहेत. प्रत्येकाला पाटी आहे.

ओढ्याच्या खालच्या अंगाला पुरात वाहून आलेल्या कुंड्या फुटल्या होत्या आणि त्यांतली झाडं तिथेच रुजली होती. बाहेर ठेवूनही ती मेली नाहीत. साऱ्या जंगलात तेवढाच हिरवा तुकडा उरला. तिथे आत्याने नवी चूल मांडली, स्नेक प्लांटला टेकून. त्याच्याशी तिची आता मैत्री झाली होती.

एका पावसाळी दुपारी मंत्र्यांची गाडी तिथे थांबली. दिगंबर उतरला आणि आत्याच्या पाया पडला. मग तो त्या हिरव्या तुकड्याकडे बघत राहिला.

“आत्या, चहा दे ना,” तो म्हणाला. “जागा छान आहे. दुकान वाढवू या का?”

आत्याने चुलीतली लाकडं ओढून घेतली आणि फुंकणी पदराखाली धरली.

“दुकान बंद आहे,” ती म्हणाली. चालत्या दुकानाला तिने जन्मात पहिल्यांदा तो शब्द लावला.

तात्पर्य : शब्दाचा अर्थ कोणाला विचारत बसू नये. जो विचारतो तो जन्मभर चूल फुंकतो. जो विचारत नाही त्याच्या हाती जंगल देतात.