शेवट आधी सांगणारी तीता

सिनेमा सुरू होण्याआधी त्याचा शेवट जाहीर करणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली. तीता लुर्देस. दिवे मालवण्यापूर्वी ती पडद्यासमोर उभी राहायची, टाळी वाजवायची आणि म्हणायची, "लक्ष द्या! नायक मरतो. बोट बुडते. बहिणीला वेड लागतं. ज्यांना रडायचंय त्यांनी आत्ताच उरकून घ्या. मध्यंतरात जेवण आहे, आणि रडत्या तोंडाने वाढलेलं मला खपत नाही!"

ती वृद्धाश्रमात नर्स होती. "ऑपरेशनच्या आधी पेशंटला सगळं सांगतात की नाही? आल्झो!" हे तिचं समर्थन. आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'मग झालं तर!'

तीता म्हणजे फिलिपिनो लोकांकडची मावशी. स्टुटगार्टला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. उंची माझ्या खांद्याइतकी आणि आवाज असा, की ती जिन्यात बोलली तर टेकडीखालच्या स्टेशनात एस-बान लोकल थांबावी. महिन्यातल्या एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये ती गावातल्या झाडून साऱ्या फिलिपिनो मंडळींना गोळा करायची आणि त्यांच्या भाषेतले सिनेमे दाखवायची. वेळ दुपारी चारची. मंडळी उगवायची सहाला. चारच्या ठोक्याला हजर असायचे ते त्या बायकांचे जर्मन नवरे, कोटसुद्धा न काढता एका रांगेत बसलेले, आणि मी.

मी त्यात कसा सापडलो? एकदा जिन्यात तिने विचारलं, "तू इंजिनियर ना?"

"या," मी जर्मनमध्ये हो म्हणालो. तिथेच फसलो.

"मग प्रोजेक्टर तू चालव."

"अगं तीता, मी गिअरबॉक्सचा माणूस. गिअरबॉक्समध्ये दिवा नसतो."

"स्क्रू असतात ना? गेनाऊ!"

तिच्या 'गेनाऊ'नंतर, म्हणजे 'अगदी बरोबर'नंतर, अपील नसे. तीन वर्षं मी प्रोजेक्टर चालवला. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे माझं काही अडलं नाही.

"जेवलास का?" हा तिचा नमस्कार. नाही म्हटलं तर ताट वाढायची, हो म्हटलं तर डबा भरून द्यायची. त्या डब्यांतून आमच्या घरी आलेल्या नूडल्स एकाला एक बांधल्या असत्या तर म्युनिकपर्यंत पोचून वर गाठ मारायला उरल्या असत्या. मी शाकाहारी आहे असं तिला एकदा काकुळतीने सांगितलं. ती फार हळहळली. पुढच्या वेळी डुक्कर अजिबात घातलं नाही. फक्त कोंबडी.

एका मार्चमध्ये ती आमच्या दारात उभी राहिली आणि जेवलास का, हे विचारलंच नाही. तिच्या हातात एक डीव्हीडी होती.

"माझ्या मुलीचं लग्न," ती म्हणाली. "डिसेंबरात झालं."

आदल्या उन्हाळ्यात तिची आई गेली, तेव्हा वर्षाची सगळी रजा संपली होती. त्यामुळे लग्नाला जाणं जमलं नव्हतं. मुलीला आठ वर्षांची सोडून ही जर्मनीला आलेली, मुलगी वाढली आजीपाशी.

"दोन महिने पर्समधून फिरवतेय. एकटी बघायला बसते, पण बटण दाबवत नाही. म्हणून हॉलमध्येच लावायची. सिनेमासारखी. सगळ्यांत बसले की बघून होईल. आणि हे बघ, मी मध्येच उठून पळायला लागले तर दार अडव."

तेव्हा पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी आतून ऐकलं. "अहो जावईबापू, लग्न आहे म्हणता? मग मी येणार. कुणाचं का असेना!" आणि रविवारी नारायणपेठी, तिच्यावर माझा थंडीचा कोट आणि पायात नातवाचे बूट अशा थाटात निघाल्यासुद्धा.

त्या दिवशी अख्खं फिलिपिनो स्टुटगार्ट चारला पाच मिनिटं कमी असताना हजर! तीन वर्षांत एवढं शहाणपण शिकलेले जर्मन नवरे मात्र बिचारे पहिल्यांदाच सहाला आले आणि वरातीला मुकले.

तीता पडद्यासमोर उभी राहिली. टाळी वाजवली. "लक्ष द्या!" मग नुसतीच उभी. "शेवट मला माहीत नाही," असं म्हणून ती पहिल्या रांगेत सासूबाईंशेजारी जाऊन बसली. मी तिला सिनेमाला बसलेली प्रथमच पाहत होतो. एक डोळा प्रोजेक्टरवर आणि एक दारावर ठेवून मी बटण दाबलं.

फुलं झाली, बँड झाला, आणि एकदम चर्चच्या दारात खुद्द तीता! हिरव्या झग्यात, हसत. मी पडद्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, जुळी?"

पुठ्ठा होता. परदेशातून येऊ न शकलेल्या माणसाचा फोटो पुरुषभर उंचीचा छापून मांडवात उभा करायची त्यांच्याकडे रीतच पडली आहे. पाहुणे पुठ्ठ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. एका काकांनी तर त्याच्यापुढे पेला धरला. मग पंख्याचा वारा लागून तीता सपशेल केकवर आडवी झाली आणि चौघे तिला उचलायला धावले. हॉल हसून हसून कोसळला. सगळ्यांत मोठ्याने तीताच. "बघा! तिथेही मी उभीच! आईला कोणी खुर्ची देईना!"

मग नवरी आली. त्यांच्यात पायांवर डोकं ठेवत नाहीत. वडीलधाऱ्यांचा हात घेऊन पालथ्या बाजूने कपाळाला लावतात. तिने वडिलांचा घेतला, मामांचा घेतला आणि पुठ्ठ्यापाशी आली. फोटोतल्या तीताने दोन्ही हातांनी पर्स धरली होती. नवरी क्षणभर थबकली. मग खाली वाकून तिने त्या छापलेल्या बोटांवर कपाळ टेकलं, आणि बराच वेळ उठलीच नाही.



मी दाराकडे पाहिलं. तिकडे कोणी जात नव्हतं. पहिल्या रांगेत तीताचा उजवा हात वर आला होता. पालथा, बोटं सैल सोडलेली, वाकलेल्या माणसाचं कपाळ जिथे येईल नेमका तिथे. पडद्यावरची मुलगी सरळ होईपर्यंत तो तसाच हवेत राहिला.

मग तिने तो सावकाश मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकून धरला. पडद्यावर नाचगाणं सुरू झालं, लोक उठून नाचायला लागले, तरी तिने तो उघडला नाही.