लाख पानांचा इतिहास

लाख पानं भरायला सोळाशे कमी पडत होती, आणि अभिलेखागाराच्या साहेबांचा जीव त्या सोळाशेत अडकला होता. जुनी कागदपत्रं वाचून लोकांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं देणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र त्यांनी आणलं होतं. उद्घाटनाला संचालक येणार होते. उपसंचालकाची जागा रिकामी होती आणि तिथे कोण बसणार हे संचालकच ठरवणार होते. ‘लाख पानं’ हा आकडा तर निमंत्रणपत्रिकेवर छापूनही झाला होता. साहेबांनी त्यातलं एक पान कधी वाचलं नव्हतं, पण मिरवायला वाचावं कशाला लागतं?

"कपाटामागचे गठ्ठेही घाला," साहेब म्हणाले.

"ते आपल्याच कचेरीचे कागद आहेत, साहेब," दप्तरी म्हणाला. तीस वर्षं तो तिथली धूळ खात होता. "त्यात कसला आलाय इतिहास? एकदा नजर तरी घाला."

"इतिहास कशाला म्हणायचं ते आता यंत्र ठरवेल. तुम्ही फक्त गठ्ठे सोडा."

दप्तरीने गठ्ठे सोडले. शब्दांचा मार शहाण्याला असतो, आणि साहेबांना तो आजवर कधी लागला नव्हता.

समारंभाला पहिल्या रांगेत साहेबांची बायको बसली होती. बढतीची बातमी ती शेजारीपाजारी आधीच सांगून मोकळी झाली होती. साहेबांनी पाऊण तास भाषण झोडलं. मग संचालकांनी घसा खाकरून यंत्राला विचारलं, "या शहरात सगळ्यात जास्त दुःख कुणाच्या वाट्याला आलं?"

"याच कार्यालयातल्या एका कारकुनाच्या," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "रजेच्या अर्जांनुसार अकरा वर्षांत त्याच्याकडे तेवीस मृत्यू झाले. एकच आत्या चार वेळा वारली. सासरे तीनदा, त्यातही दोनदा एकाच वर्षी. तो कारकून आज या अभिलेखागाराचा प्रमुख आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हातातोंडाशी आलेली खुर्ची गेली, असंच साहेबांना वाटलं.

"हा काय प्रकार आहे?" संचालक कडाडले.

यंत्राला वाटलं, आपल्यालाच विचारताहेत. "तेवीसही अर्ज मंजूर आहेत. प्रत्येकावर सही आपली आहे. शेरा, ‘दुःखात सहभागी.’"

संचालकांचा आवाज लगेच खाली आला. न वाचता मिरवणारे आणि न वाचता सह्या ठोकणारे, सगळे एकाच माळेचे मणी. "यंत्राचं काय मनावर घ्यायचं?" ते म्हणाले. "जुनं अक्षर, लागलं नसेल त्याला. बंद करा ते. आणि तुम्ही उद्यापासून उपसंचालक म्हणून रुजू व्हा."

टाळ्या पडल्या. साहेबांच्या जिवात जीव आला.

बायको मात्र उठून यंत्रापाशी गेली. बटण बंद करायला वाकलेल्या दप्तरीला तिने हातानेच थांबवलं.

"माझे बाबा ठणठणीत आहेत," ती यंत्राला म्हणाली. "ते गेले म्हणून यांनी रजा घेतली, त्या तारखा सांग."

यंत्राने तीन तारखा सांगितल्या.

"मधली आमच्या मुलीच्या जन्माची. मी दवाखान्यात कळा देत होते आणि हे, कचेरीत मरणाचं काम आहे म्हणून आले नाहीत. इथेही नव्हते, तिथेही नव्हते. मग होते कुठे?"

"याबाबत अभिलेखात नोंद नाही."

"असू दे," ती म्हणाली आणि नव्या उपसंचालकांकडे वळली. "चला घरी. ती नोंद मी करून घेते."