चढणीच्या माशांची फिर्याद

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता रिहे खोऱ्यातल्या गेनूआबांनी पोलीस चौकीत लेखी तक्रार दिली. विषय : चढणीच्या दिवसांत अंड्यावरचे मासे धरणे. आरोपी सात. आरोपी क्रमांक एक : गेनूआबा स्वतः.

तक्रार माझ्या अक्षरात होती, म्हणून मीही बरोबर होतो. हवालदारांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"आबा, फिर्यादी तुमीच अन् आरोपी बी तुमीच?"

"व्हय."

"मग आता तुमाला आत घालू का?"

"घाला की. पर आदी बाकीचं सहा जण घाला. मी काय पळून जात न्हाई."

चहा घेऊन आलेल्या माणसासह चौकीतले सगळे हसले. गेनूआबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून आणखी दोन प्रती काढल्या. "तिन्हीवर शिक्का पायजे," ते म्हणाले.

मृगाच्या पाण्याने ओढे वाहते झाले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. याला चढण म्हणतात. या दिवसांत मासा पोटाने जड असतो, त्याला पळता येत नाही, तो मच्छरदाणीतही सापडतो. त्यामुळे खोऱ्यात मासे खाण्याचा खरा हंगाम पिढ्यान्पिढ्या हाच. धरणात या काळात मासेमारी बंद असते, निदान कागदावर. आमच्या ओढ्याला कोणी कागदही लावलेला नाही. ओढ्याला गेनूआबा आहेत.

मी चार वर्षं त्यांचा भाडेकरू आहे. त्याआधी पुण्यात एका दैनिकात बातम्या लिहीत होतो. खोल्या बघायला आलो तेव्हा त्यांनी माझी जात, पगार, लग्न यांपैकी काही विचारलं नाही. एकच अट सांगितली : मिरगापासून नागपंचमीपर्यंत घरात मासा शिजणार नाही.

"सुकट?" मी विचारलं.

"सुकट चालंल. ती कवाच मेलेली असती."

"अंडी?"

"कोंबडीची? खा. कोंबडी रोज घालती, तिला सवय हाय."

"आधी पोट बघ" हे त्यांचं पालुपद. ओढ्यावर कोणाचं टोपलं दिसलं की ते उकिडवे बसतात आणि एकेका माशाच्या पोटावर अंगठा अलगद दाबून बघतात. गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, हाताला लागली की मासा पाण्यात. टोपल्याचा मालक शिव्या देत असतो. आबा पुढचा मासा उचलतात. माशांना ते "पोरी" म्हणतात. "पोरी बाळंतपणाला म्हायेरी आल्यात. म्हायेरी आलेलीला कोण कापतंय का?" हे पालुपद ओढ्यापुरतं राहत नाही. बकरं विकायला आलेल्या मेंढपाळाला ते हाच प्रश्न विचारतात. त्या दोन महिन्यांत घरात उंदराचा सापळाही लावू देत नाहीत. उंदरीण असली तर? माझ्या छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं गेल्या पावसाळ्यात अशाच एका बाळंतिणीने संपवली. आबांनी ते जाळीदार कागद उन्हाला धरून बघितले आणि म्हणाले, "चला, कुणीतरी पुरतं वाचलं."

ओढ्यावरच्या मोरीपाशी त्यांनी पत्र्याची पाटी ठोकली आहे. "बाळंतपण चालू आहे. हॉर्न वाजवू नये." शनिवारी-रविवारी फार्महाऊसकडे जाणाऱ्या गाड्या तिथे हटकून थांबतात. एकदा हिंजवडीकडून आलेल्या एका तरुणाने काच खाली करून विचारलं, "अंकल, हॉस्पिटल किधर है?"

"हितंच की," आबा म्हणाले. "पाण्यात."

काच वर गेली.

मोरीच्या वरच्या अंगाला त्यांचं एक खाचर आहे, रस्त्याला लागून. जमिनीचे दलाल दर महिन्याला त्याच्याकडे बघून जातात. ते खाचर आबा लावतच नाहीत. मासे अंडी घालून परतेपर्यंत त्यात औत घालायचं नाही, आणि तोवर लावणीची वेळ गेलेली असते. गावाने त्याचं नाव बाळंतिणीची खोली ठेवलं आहे. "आबा, खोलीत पंखा लावला का न्हाई?" असं पारावरून कोणी ना कोणी विचारतं. बंदी उठल्यावरही आबांना मासा खाताना मी कधी पाहिलेलं नाही.

आरोपी क्रमांक दोन त्यांचा सख्खा पुतण्या, संतोष. त्याने घराच्या मागच्या पडवीत जेवणाची सोय काढली आहे. रस्त्यावर फलक आहे : "चढणीचे ताजे मासे. गाबोळी स्पेशल." यंदा त्याने आणि आणखी पाच जणांनी मिळून मोरीच्या तोंडालाच मच्छरदाणी बांधली. म्हणजे वर एकही मासा जाणार नाही. आबा पहाटे उठून विळ्याने ती कापायचे. दुपारपर्यंत दुसरी बांधलेली असायची. चौथ्या दिवशी दोघं समोरासमोर आले. मी मोरीच्या कठड्यापाशी होतो.

"संत्या, पोरींची वाट आडवतुयास."

"आबा, नदीच्या पल्याड धा जण धरत्यात. म्या एकट्यानी सोडलं म्हंजी काय समिंदर भरणार हाय?"

"पोट बघत जा की निदान."

"तुमी जलमभर खाल्लं, ती मासळी बिनलग्नाची हुती व्हय?"

कठड्यावरचे लोक खो खो हसले. आबांनी विळा कमरेला खोवला आणि घरी आले. पायही न धुता माझ्या दारात उभे राहिले.

"पेपरवालं, अर्ज लिव्हायचाय. पोलिसाला."

वीज नव्हती. मी कागदांमध्ये कार्बन घालून तीन प्रती एकदम लिहायला घेतल्या. पहिलं नाव संतोषचं घालणार, तर त्यांनी हात धरला.

"पयला मी."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर सोडता."

"आता सोडतुया. नऊ वर्सामागं धरली हुती. मिरगाचा तिसरा दिस. टोपलंभर. समदी अंड्यावरची."

"साक्षीदार?"

"मंदा."

"मंदा कोण?"

"लिव्ह की. नाव सांगितलं न्हवं?"

मी लिहिलं. त्यांनी कमरेचा विळा काढून उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाले, "कारण लिव्ह. लेकीला गाबोळी खाऊशी वाटली हुती." मी ते वाक्य पूर्ण केलं, तेवढ्यात : "खोड ते. कारण सांगितलं की सूट मागितल्यावानी दिसतं."

मी खोडलं. वरच्या प्रतीवर रेघ ठसठशीत उमटली. खालच्या, तिसऱ्या प्रतीवर ती फिकी होती. वाक्य वाचता येत होतं.

चौकीत पुढे जे झालं ते थोडक्यात असं. हवालदार म्हणाले की हे प्रकरण मासळीच्या खात्याचं आहे. "अन् आबा, तुमचा सोताचा गुन्हा तर शिळा झाला. नऊ वर्सं म्हंजी काय थट्टा हाय?"

"शिळा न्हाई झाला," आबा म्हणाले.

त्यांना लवकर घालवण्यासाठी हवालदारांनी तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. एक प्रत चौकीत राहिली. दुसरी खात्याच्या कार्यालयात गेली. तिसऱ्या प्रतीचं काय करायचं ते आबांनी पोस्टाच्या दारात सांगितलं. पत्ता मुठा गावचा होता. नाव मंदाचं. "पोचपावती माग," ते म्हणाले. "तिनं घेतला का न्हाई ते कळाय पायजे."

बाकीची हकिकत मला त्याच संध्याकाळी संतोषने सांगितली. आरोपी असल्याचा त्याला राग नव्हता. तो मासे साफ करत होता.

मंदा ही आबांची एकुलती मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा संपत आला होता. एके दिवशी सहज म्हणाली, गाबोळी खावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा ओढ्यावर गेले. भिजेल म्हणून फोन फळीवर ठेवला. घरच्या जीपची किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात होती. तासाभराने मंदाच्या पोटात दुखू लागलं.

"आमी समद्या वावरात हाका मारीत फिरलो," संतोष म्हणाला. "आबा वरच्या खाचरात. पाण्याचा आवाज. त्यांला काय ऐकू येतंय? सकाळी नवाला आलं. डोस्क्यावर टोपलं. लांबूनच वरडत हुतं, मंदे, बघ काय आणलंय."

"मग?"

"पिरंगुटच्या फुडं जीपमधीच झालं. पोरगी हुती. न्हाई ऱ्हायली."

त्याने सुरी धुतली. मंदा दवाखान्यातून थेट सासरी गेली, ती पुन्हा रिह्याला आली नाही. दर दिवाळीला आबा नव्या इंद्रायणी तांदळाचं एक पोतं मुठ्याला पाठवतात. पोतं संतोषच्याच पिकअपमधून जातं आणि आठ दिवसांत परत येतं. तोंड शिवलेलं, सुतळीची गाठ आबांनी मारलेली तशीच.

"लेक पोतं घेईना, म्हनून मासळीला पोरी म्हनत हिंडतंय म्हातारं," संतोष म्हणाला. "आमचा धंदा बसवून." मग मला विचारलं, "गाबोळी देऊ का थोडी? आबांला न्हाई सांगत."

मी नको म्हणालो.

तक्रारीचं पुढे असं झालं. कार्यालयाचं उत्तर जुलैत आलं : सदर ओढा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. चौकीतून कोणी आलं नाही. मोरीची मच्छरदाणी नागपंचमीपर्यंत होती. आबा पहाटे ती कापत होते, दुपारी ती पुन्हा बांधली जात होती. बाळंतिणीच्या खोलीत या वर्षी किती मासे पोचले, याची मोजणी कोणी केलेली नाही. आबांच्या मते अकरा. संतोषच्या मते आबांना दिसत नाही.

पोचपावती दहाव्या दिवशी आली होती. आबांना हाताने लिहिलेलं अक्षर नीट लागत नाही. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"कुणाची सही हाय?"

"मंदाची."

"दीर असंल. दीर घेतो टपाल."

"मंदा असंच लिहिलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी पावती सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली, बटण लावलं आणि विळा घेऊन मोरीकडे गेले.

भात झोडून, गिरणीतून तांदूळ आल्यावर त्यांनी दरवर्षीप्रमाणे पोतं शिवलं. ते दिवाळी पाडव्याच्या सकाळी आरोपी क्रमांक दोनच्या पिकअपमधून मुठ्याला गेलं. संतोषने ते ओसरीवर उतरवलं.

हे लिहितो आहे त्या दिवशी पोतं जाऊन बावीस दिवस झाले. ते परत आलेलं नाही.